स्नूकर : जबलपुरांत जन्मलेला खेळ

पावसाळा सुरू होऊन मैदानावर पाण्याचीं डबकीं सांचलीं आणि क्रिकेटच्या यष्ट्या कोठीच्या कोपऱ्यांत जाऊन पडल्या, म्हणजे वसतिगृहांतील कॅरमच्या फळ्यांभोंवतीं विद्यार्थ्यांची गर्दी होऊं लागते, हें आम्ही दरसाल पाहतों. राणी घेतली तरी तिच्यामागून दुसरी सोंगटी घेतल्यावांचून ती आपली होत नाहीं, ह्या नियमावरून प्रत्यहीं एक तरी वाद माजतो. आकाशानें बाहेरचें क्रीडांगण बंद केलें, कीं मनुष्याची खेळकर बुद्धि चार भिंतींच्या आंत दुसरें क्रीडांगण शोधूं लागते. अशाच एका पावसाळ्यांत, इ. स. १८७५ सालीं, आपल्याच देशांत जबलपूर शहरीं एका नव्या खेळाचा जन्म झाला. पुढें तो समुद्रापार गेला, इंग्लंडांत वाढला, आणि आज चीन देशांतील लक्षावधि मुलें तो खेळत आहेत. त्या खेळाचें नांव स्नूकर.

ह्या खेळाविषयीं लिहितांना आम्हांस थोडा संकोच वाटतो, हें आधींच सांगितलेलें बरें. आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं तो पाहिलेला नसेल. आणि ज्यांच्या वडील मंडळींनीं पाहिला असेल, त्यांचें त्याविषयींचें मत फारसें चांगलें नसेल. धुरानें भरलेली खोली, पैशांची पैज, आणि मध्यरात्रीपर्यंतचें जागरण, असें एक चित्र स्नूकरच्या नांवाबरोबर पुष्कळांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. हें चित्र अगदींच खोटें आहे असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. परंतु एखाद्या खेळाची पारख तो कोणत्या खोलींत खेळला गेला एवढ्यावरूनच करावी, कीं तो मनुष्याकडून काय मागतो हेंहि पाहावें? ह्या प्रश्नाचा विचार वाचकांनीं करावा, एवढ्याचसाठीं ह्या खेळाचा इतिहास आम्ही थोडक्यांत सांगत आहों.

स्नूकरचें मूळ बिलियर्ड्स ह्या जुन्या खेळांत आहे. युरोपांत पूर्वीं हिरवळीवर लांकडी चेंडू दांड्यानें ढकलण्याचे खेळ होते; त्यांतील एक खेळ पंधराव्या शतकांत घरांत येऊन टेबलावर चढला, आणि हिरवळीची आठवण म्हणून टेबलावर हिरवें कापड पसरण्यांत आलें, असें मानतात. तें कापड आजहि हिरवेंच आहे. स्कॉटलंडची राणी मेरी ही इंग्लंडांत कैदेंत असतां आपलें बिलियर्ड्सचें टेबल काढून नेल्याबद्दल तिनें इ. स. १५७६ मध्यें तक्रार केली होती. ह्यावरून राजवाड्यांत ह्या खेळाचा किती लळा होता तें समजतें.

मात्र तो खेळ आजच्यासारखा सफाईदार नव्हता. त्यास आजचें रूप येण्यास चार शोध कारण झाले. पहिला शोध काठीच्या टोंकाचा. चेंडू मारण्याच्या काठीस क्यू म्हणतात. तिचें टोंक पूर्वीं नुसतें लांकडी असे, व तें गुळगुळीत चेंडूवरून घसरत असे. मॅंगो नांवाच्या एका फ्रेंच सैनिकी अधिकाऱ्यानें तुरुंगांत असतां, इ. स. १८०७ च्या सुमारास, त्या टोंकावर चामड्याची टिकली बसविली. चामड्यास खडू लावला म्हणजे घर्षण वाढतें आणि चेंडूच्या मध्यबिंदूच्या वर, खालीं किंवा बाजूस मारून त्यास हवा तसा फिरका देतां येतो. सुटकेची वेळ आली असतां त्यानें आणखी कांहीं दिवस तुरुंगांतच राहूं द्यावें अशी विनंति केली, अशी आख्यायिका आहे. दुसरा व तिसरा शोध लंडनच्या जॉन थर्स्टन ह्या कारागिराचा. त्यानें इ. स. १८२६ मध्यें लांकडी फळीऐवजीं पाटीच्या दगडाचा पृष्ठभाग टेबलास बसविला, आणि इ. स. १८३५ मध्यें कडांस रबर लावलें. दगड हवेनें वांकत नाहीं, आणि रबरावर आपटलेला चेंडू ज्या कोनानें गेला त्याच कोनानें बहुधा परत येतो. भूमितीचा तास ज्यांस रुक्ष वाटतो, त्यांनीं ह्या टेबलापाशीं घटकाभर उभें राहून पाहावें.

चौथा शोध चेंडूंचा. चेंडू पूर्वीं हस्तिदंताचे असत. चांगल्या सुळ्यापासूनहि मोजकेच चेंडू निघत, व तेवढ्यासाठीं हजारों हत्ती मारले जात. अमेरिकेंतील एका चेंडूविक्या कंपनीनें हस्तिदंतास पर्याय शोधणारास दहा हजार डॉलरांचें बक्षीस जाहीर केलें. त्या निमित्तानें जॉन हायट ह्या मुद्रकानें इ. स. १८६९ च्या सुमारास सेल्युलॉइड तयार केलें. आज आपल्या घरोघरीं ज्या कृत्रिम पदार्थांचा सुळसुळाट झाला आहे, त्यांच्या कुळाचा एक आद्य पुरुष असा ह्या टेबलावरून खालीं उतरला आहे. कृत्रिम चेंडू स्वस्त झाले नसते, तर बावीस चेंडूंचा स्नूकर सामान्य मनुष्याच्या हातीं लागणें कठीणच होतें.

आतां जबलपूरकडे वळूं. इ. स. १८७५ मध्यें तेथील छावणींत डेव्हनशायर पलटणीचे गोरे अधिकारी राहत असत. बाहेर पावसाची झड लागलेली, कवाइत बंद, आणि भोजनगृहांत बिलियर्ड्सचें एक टेबल. ह्या टेबलावर ते निरनिराळे खेळ खेळत. पिरॅमिड्स ह्या खेळांत पंधरा लाल चेंडू त्रिकोणांत मांडून ते एकामागून एक खिशांत घालीत, व प्रत्येक चेंडूवर पैज असे. लाइफ पूल ह्या खेळांत प्रत्येक खेळाडूचा एक निराळ्या रंगाचा चेंडू असे. ब्लॅक पूलमध्यें ह्या रंगीत चेंडूंत काळ्याची भर पडली. ह्या मंडळींत नेव्हिल चेंबरलेन नांवाचा एकोणीस वर्षांच्या आसपासचा एक तरुण लेफ्टनंट होता. पुढें इंग्लंडचे मुख्य प्रधान झालेले नेव्हिल चेंबरलेन ते हे नव्हत. केवळ नांव एक. ह्या तरुणास असें सुचलें कीं, हे खेळ निरनिराळे खेळण्याऐवजीं पंधरा लाल चेंडू आणि रंगीत चेंडू एकाच टेबलावर कां मांडूं नयेत? मांडून पाहिले, आणि खेळ रंगला. प्रथम रंगीत चेंडू थोडे होते; निळा आणि तपकिरी हे मागाहून आले.

खेळास नांव पडलें त्याची हकीकत आम्हांस फार मनोरंजक वाटते. इंग्लंडांत वुलिच येथें सैनिकी विद्यालय होतें. तेथें पहिल्या वर्षाच्या नवशिक्या विद्यार्थ्यास थट्टेनें 'स्नूकर' म्हणत, ही गोष्ट एका पाहुण्या अधिकाऱ्याकडून जबलपुरांत कळली. पुढें एका डावांत कोणा सोबत्याचा अगदीं सोपा चेंडू हुकला. तेव्हां चेंबरलेन ह्यानें त्यास 'स्नूकर' म्हणून हांक मारली. शब्दाचा अर्थ सांगतांच तो सोबती रागावेल असें दिसलें. म्हणून त्याची समजूत घालण्यासाठीं चेंबरलेन म्हणाला कीं, ह्या नव्या खेळांत आपण सारेच नवशिके आहों. सर्वांस तें पटलें, आणि त्या दिवसापासून खेळाचेंच नांव स्नूकर पडलें. एका खेळानें 'नवशिका' हें नांव आनंदानें धारण करावें, ह्यांतील मर्म विद्यार्थ्यांस सांगावयास नको.

पुढें दुसऱ्या अफगाण युद्धांत चेंबरलेन जखमी झाला, आणि नंतर मद्रास सैन्याचे सरसेनापति रॉबर्ट्स ह्यांच्या हाताखालीं उटकमंड येथें येऊन राहिला. तेथील क्लबांत हा खेळ फार आवडता झाला, आणि इ. स. १८८२ च्या सुमारास त्याचे नियम लिहून बिलियर्ड्सच्या खोलींत टांगण्यांत आले. बिलियर्ड्सचा त्या काळचा श्रेष्ठ खेळाडू जॉन रॉबर्ट्स हा इ. स. १८८५ मध्यें हिंदुस्थानांत आला असतां कलकत्त्यास चेंबरलेनची गांठ घेऊन त्यानें नियम समजून घेतले व खेळ विलायतेस नेला, असें सांगतात. इ. स. १९०० मध्यें इंग्लंडच्या बिलियर्ड्स संघानें पहिले अधिकृत नियम मंजूर केले. खेळाचा जनक कोण ह्याविषयीं मात्र पुष्कळ दिवस वाद होता. अखेर इ. स. १९३८ मध्यें वृद्ध चेंबरलेन ह्यांनीं स्वतः वृत्तपत्रांत पत्र लिहून आपली हकीकत सांगितली, त्या काळच्या अनेक वृद्ध अधिकाऱ्यांनीं तिला दुजोरा दिला, आणि वाद मिटला. इ. स. १९४४ मध्यें ते वारले.

खेळाची रीत थोडक्यांत अशी आहे. टेबल बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद. चार कोपऱ्यांस चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर दोन, असे सहा खिसे. चेंडू बावीस : पंधरा लाल, सहा रंगीत आणि एक पांढरा. काठीनें फक्त पांढऱ्यासच मारावयाचें, व त्याच्या धक्क्यानें इतर चेंडू खिशांत घालावयाचे. लाल चेंडूस एक गुण. पिवळ्यास दोन, हिरव्यास तीन, तपकिरीस चार, निळ्यास पांच, गुलाबीस सहा आणि काळ्यास सात. आधीं एक लाल घातला पाहिजे, त्यानंतर कोणताहि एक रंगीत, पुन्हां लाल, पुन्हां रंगीत, असा क्रम चालतो. लाल चेंडू टेबलावर असेपर्यंत खिशांत गेलेला रंगीत चेंडू परत आपल्या जागीं ठेवितात. लाल संपले म्हणजे रंगीत चेंडू गुणांच्या क्रमानें घालावयाचे. एकाच पाळींत पंधरा वेळां लालानंतर काळाच घेऊन शेवटचे सहाहि रंगीत घातले, तर लालांचे १५, काळ्यांचे १०५ आणि शेवटचे २७ मिळून १४७ गुण होतात. बिलियर्ड्सच्या भाषेंत एका पाळींतल्या गुणांस ब्रेक म्हणतात, आणि १४७ चा ब्रेक म्हणजे ह्या खेळांतील पूर्णत्व होय.

परंतु चेंडू खिशांत घालणें हा खेळाचा अर्धाच भाग झाला. आपणांस गुण मिळण्याजोगा चेंडू दिसत नसेल, तर पांढरा चेंडू अशा आडोशाला नेऊन ठेवावयाचा, कीं प्रतिपक्ष्यास आपला चेंडू सरळ रेषेंत मारतांच येऊं नये. ह्या अडवणुकीसहि स्नूकर असेंच म्हणतात. प्रतिपक्ष्याचा नेम चुकला तर कमींत कमी चार गुण आपल्या पदरांत पडतात. म्हणून ह्या खेळांत हात आणि डोळा ह्यांच्याबरोबर बुद्धिबळाच्या खेळाडूची दूरदृष्टि लागते. चांगला खेळाडू पुढचा चेंडू पाहत नाहीं. तो त्याच्या पुढचा, आणि त्याच्याहि पुढचा पाहतो.

इंग्लंडांत हा खेळ प्रथम उपेक्षित होता. व्यावसायिक खेळाडू बिलियर्ड्सच खेळत, व स्नूकर हा त्यांच्या दृष्टीनें जेवणानंतरचा विरंगुळा. पण बिलियर्ड्सचा नाश त्याच्या थोर खेळाडूंच्या कौशल्यानेंच झाला! त्यांत तीनच चेंडू असल्यामुळें ते एकत्र गोळा करून एकाच तऱ्हेचा फटका हजारों वेळां मारतां येई. इ. स. १९०७ मध्यें टॉम रीस ह्या खेळाडूनें दोन चेंडू एका खिशाच्या तोंडाशीं अडकवून सुमारें पांच आठवडे एकच फटका मारीत ४,९९,१३५ गुण केले. तो प्रकार पुढें बंद करण्यांत आला. इ. स. १९३२ मध्यें ऑस्ट्रेलियाचा वॉल्टर लिंड्रम ह्यानें लंडन येथें एका पाळींत ४,१३७ गुण केले, आणि त्याचा प्रतिस्पर्धी जो डेव्हिस हा तेवढा वेळ खुर्चीवर बसून राहिला. पाहणारांस ह्याचा कंटाळा येऊं लागला. जेथें चूक होण्याचा संभवच उरत नाहीं, तेथें प्रेक्षकाच्या काळजाचा ठोका कशासाठीं चुकावा?

खुर्चीवर बसलेल्या ह्याच जो डेव्हिस ह्यानें स्नूकरचें भवितव्य ओळखलें होतें. डार्बीशायरच्या खाणींच्या मुलुखांत १९०१ सालीं त्याचा जन्म झाला. त्याचा बाप आधीं खाणकामगार व पुढें खाणावळवाला होता, आणि त्या खाणावळींतील टेबलावर मुलगा खेळ शिकला. व्यावसायिकांची स्नूकर स्पर्धा भरवावी ही विनंति संघानें १९२४ सालीं मानली नव्हती. डेव्हिसच्या खटपटीनें १९२७ मध्यें पहिली जागतिक स्पर्धा भरली. अंतिम सामन्यांत बर्मिंगहॅम येथें त्यानें टॉम डेनिस ह्यास २० विरुद्ध ११ डावांनीं हरविलें, व त्यास साडेसहा पौंड मिळाले. करंडकहि जमलेल्या प्रवेशशुल्कांतूनच घेतलेला होता. १९३१ सालीं तर स्पर्धेंत दोनच खेळाडू उतरले! पण डेव्हिसनें धीर सोडला नाहीं. १९२७ पासून १९४६ पर्यंत, युद्धाचीं वर्षें वगळून, तो ओळीनें पंधरा वेळां अजिंक्य ठरला, आणि अपराजित असतांच त्यानें ह्या स्पर्धेंतून निवृत्ति घेतली. १९४० सालीं त्याचा धाकटा भाऊ फ्रेड ह्यानें त्यास ३७ विरुद्ध ३६ इतक्या जवळ आणून सोडलें होतें. हा फ्रेडहि पुढें आठ वेळां जगज्जेता झाला, व चौसष्टाव्या वर्षीं, म्हणजे १९७८ मध्यें, जागतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरींत खेळला. १४७ चा पहिला अधिकृत ब्रेक जो डेव्हिस ह्यानेंच २२ जानेवारी १९५५ रोजीं लंडन येथें केला.

डेव्हिस गेल्यावर खेळास उतरती कळा लागली. व्यावसायिक खेळाडू व संघ ह्यांच्यांत भांडण झालें, प्रेक्षक घटले, आणि १९५७ नंतर कित्येक वर्षें जागतिक स्पर्धा भरलीच नाहीं. त्यास नवजीवन दिलें तें रंगीत दूरचित्रवाणीनें. रंग दाखविण्याजोगा कार्यक्रम शोधतां शोधतां बी. बी. सी. ची दृष्टि ह्या खेळावर गेली, आणि १९६९ सालीं 'पॉट ब्लॅक' हा कार्यक्रम सुरू झाला. हिरव्या कापडावरचे रंगीबेरंगी चेंडू घरोघरीं दिसूं लागले. १९७७ पासून जागतिक स्पर्धा शेफील्ड शहरांतील क्रूसिबल नाट्यगृहांत भरूं लागली. क्रूसिबल म्हणजे धातु वितळविण्याची मूस. शेफील्ड हें पोलादाचें गांव असल्यामुळें नाट्यगृहास तें नांव. जेथें सतरा दिवस खेळाडूंच्या मनाचें सोनें तावून सुलाखून निघतें, त्या जागेस ह्याहून साजेसें नांव मिळणें कठीण.

ह्या मुशींतून निघालेल्या वीरांची नामावळी मोठी आहे. वेल्सचा रे रिअर्डन हा आधीं खाणींत कामगार, मग पोलीस शिपाई, आणि मग १९७० ते १९७८ ह्या काळांत सहा वेळां जगज्जेता. बेलफास्टचा ॲलेक्स हिगिन्स हा बावीसाव्या वर्षीं, १९७२ मध्यें, पहिल्याच प्रयत्नांत जगज्जेता झाला, व पुन्हां १९८२ मध्यें. त्याच्या खेळांत वीज होती. पण मद्य, धूम्रपान, जुगार आणि राग ह्यांनीं त्या विजेची राख केली. घशाच्या कर्करोगानें खंगून दारिद्र्यांत तो २०१० सालीं वारला. ज्या स्पर्धांनीं त्यास कीर्ति दिली त्यांतील सर्वांत मोठ्या स्पर्धेस १९७६ पासून २००५ पर्यंत एका सिगारेट कंपनीचा पैसा मिळत होता, हेंहि येथें नमूद करणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

हिगिन्सच्या अगदीं उलट स्टीव्ह डेव्हिस. त्याचा जो डेव्हिसशीं नातेसंबंध नाहीं. शांत, शिस्तीचा, आणि सरावाचा भुकेला असा हा खेळाडू १९८१ ते १९८९ ह्या काळांत सहा वेळां जिंकला. परंतु त्याचा सर्वांत प्रसिद्ध सामना तो हरलेला आहे. १९८५ च्या अंतिम सामन्यांत तो डेनिस टेलर ह्याच्यावर ८ विरुद्ध ० असा पुढें होता. टेलरनें एक एक डाव जिंकीत १७-१७ अशी बरोबरी केली. शेवटचा डाव शेवटच्या काळ्या चेंडूवर येऊन ठेपला. मध्यरात्र उलटून गेली होती, आणि इंग्लंडांत १ कोटि ८५ लक्ष लोक जागे राहून दूरचित्रवाणीपुढें बसले होते. दोघांचेहि नेम चुकले. अखेर डेव्हिसच्या हातून एक फटका हुकला आणि टेलरनें काळा चेंडू खिशांत घातला. दोन दिवस चाललेल्या त्या सामन्यांत टेलर प्रथमच आघाडीवर आला तो ह्या अखेरच्या चेंडूनें! आठ डावांनीं मागें पडल्यावर जो खुर्चीवरून उठून पुन्हां टेबलापाशीं जातो, त्याचेंच नांव इतिहासांत राहतें.

स्कॉटलंडचा स्टीफन हेंड्री ह्यास बाराव्या वर्षीं नाताळची भेट म्हणून एक लहान टेबल मिळालें. एकविसाव्या वर्षीं, १९९० मध्यें, तो सर्वांत तरुण जगज्जेता झाला, आणि १९९९ पर्यंत सात वेळां जिंकला. त्याच काळांतील जिमी व्हाइट सहा वेळां अंतिम फेरींत पोंचूनहि एकदांहि जिंकला नाहीं. १९९४ सालीं १७-१७ अशा बरोबरीनंतर त्याचा एक सोपा काळा चेंडू हुकला आणि करंडक गेला. तथापि इंग्लंडांतील लोकांनीं त्याच्यावर अनेक जगज्जेत्यांहूनहि अधिक प्रेम केलें. रॉनी ओ'सलिव्हन ह्यानें १९९७ मध्यें १४७ चा ब्रेक साडेपांच मिनिटांच्या आंत केला. मनाच्या आजाराशीं झगडत, व त्याविषयीं उघडपणें बोलत, २००१ ते २०२२ ह्या अवधींत तोहि सात वेळां जिंकला. शंभराहून अधिक गुणांचे एक हजार ब्रेक करणारा तो पहिला खेळाडू.

आतां आमच्या मनांतील मुख्य प्रश्न. जो खेळ जबलपुरांत जन्मला आणि उटकमंड येथें बारशाचे नियम ल्याला, त्यांत आपण कोठें होतों? खरें सांगावयाचें तर दाराबाहेर. ज्या क्लबांत तीं टेबलें होतीं, त्यांतील अनेकांत हिंदी मनुष्यास सभासद होतां येत नसे. आंत जो हिंदी मनुष्य दिसे, तो बहुधा मार्कर, म्हणजे गुण मांडणारा, चेंडू पुसणारा व काठ्या ठेवणारा नोकर. एकेका टेबलाची किंमतहि अशी कीं, सामान्य घरांत तें येणें शक्य नव्हतें. अशा स्थितींत पुण्यास १९२२ सालीं जन्मलेल्या विल्सन जोन्स ह्यांनीं १९५८ मध्यें कलकत्त्यास बिलियर्ड्सची जागतिक हौशी स्पर्धा जिंकली. कोणत्याहि खेळांत वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद मिळविणारे ते पहिले भारतीय होत. १९६४ मध्यें न्यूझीलंडांत त्यांनीं तेंच पद पुन्हां मिळविलें. महाराष्ट्रांतील किती मुलांस हें नांव ठाऊक आहे, हें आम्हीं आमच्या विद्यार्थ्यांस विचारून पाहिलें, आणि उत्तर ऐकून खालीं मान घातली.

स्नूकरची पहिली जागतिक हौशी स्पर्धा १९६३ सालीं कलकत्त्यासच भरली. ती इंग्लंडचा गॅरी ओवेन ह्यानें जिंकली. मुंबईचे मायकेल फरेरा ह्यांनीं १९७७, १९८१ व १९८३ सालीं बिलियर्ड्सचें जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविलें. एका क्रिकेटपटूस ज्या पदवीनें गौरविलें, तिच्याहून खालची पदवी आपणांस कां, असा प्रश्न करून त्यांनीं १९८१ मध्यें पद्मश्री नाकारली. १९८३ मध्यें सरकारनें त्यांस पद्मभूषण दिलें. ओमप्रकाश अग्रवाल हे १९८४ मध्यें डब्लिन येथें स्नूकरचे जागतिक हौशी विजेते झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. मुंबईच्या यासीन मर्चंट ह्यांनीं १९८९ मध्यें आशियाचें पद जिंकलें. अहमदाबादचे गीत सेठी ह्यांनीं बिलियर्ड्समध्यें हौशी व व्यावसायिक अशीं दोन्ही जागतिक पदें मिळविलीं. आणि पुण्यास जन्मून बंगळूर येथें वाढलेले पंकज अडवाणी हे २००३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, चीनमध्यें स्नूकरचे जागतिक हौशी विजेते झाले. त्यानंतर दोन्ही खेळांत मिळून त्यांनीं वीसांहून अधिक जागतिक विजेतेपदें मिळविलीं आहेत. दाराबाहेर उभ्या असलेल्या मनुष्याच्या नातवंडांनीं टेबल जिंकलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

प्रारंभीं आम्ही ज्या संकोचाचा उल्लेख केला, त्याचा निर्णय करणें अद्याप राहिलें आहे. पैजेची कीड ह्या खेळास लागलेली आहे, हें नाकारतां येत नाहीं. २०२३ सालीं चीनच्या दहा व्यावसायिक खेळाडूंस सामने ठरवून हरण्याच्या व पैजा लावण्याच्या प्रकरणीं शिक्षा झाल्या. दोघांस तर जन्मभर बंदी झाली. त्या दहांत चाओ शिनथोंग नांवाचा एक गुणी तरुण होता. त्यानें स्वतः कोणताहि सामना मुद्दाम हरलेला नव्हता. परंतु दुसऱ्याच्या अशा कृत्यांत तो सामील होता व त्यानें पैजाहि लावल्या होत्या. त्यानें दोष कबूल केला आणि वीस महिन्यांची बंदी भोगली. बंदी संपल्यावर तो व्यावसायिकांच्या यादींत नसल्यामुळें हौशी खेळाडू म्हणून अगदीं तळच्या पात्रता फेरीपासून खेळत वर चढला, आणि मे २०२५ मध्यें शेफील्ड येथें पन्नास वर्षांच्या मार्क विल्यम्स ह्यास १८ विरुद्ध १२ डावांनीं हरवून जगज्जेता झाला. आशिया खंडांतील पहिला जगज्जेता तोच. कोणी ह्यास अपराध्याचा गौरव म्हणतील, कोणी पश्चात्तापाचें फळ म्हणतील. आम्हांस एवढेंच दिसतें कीं, शिक्षा पुरती भोगली गेली, आणि परतीची वाट तळापासून चढावी लागली. ह्या दोन्ही गोष्टी घडल्या म्हणूनच तो विजय निर्मळ मनानें पाहतां आला.

ह्याच खेळांत एक जुना प्रघात आहे, तो सांगून हा लेख आटोपतों. कधीं कधीं खेळाडूच्या बाहीचा किंवा काठीचा इतका हलका स्पर्श चेंडूस होतो, कीं पंचास तो दिसत नाहीं, प्रतिपक्ष्यास दिसत नाहीं, प्रेक्षकांस तर नाहींच नाहीं. अशा वेळीं खेळाडू स्वतः ताठ उभा राहून आपला नियमभंग जाहीर करितो व आपल्या खुर्चीवर जाऊन बसतो. अनेक मोठ्या खेळाडूंनीं ऐन मोक्याच्या वेळीं असें केलेलें आहे. ज्या खेळांत कोणासहि न दिसलेली आपली चूक आपणच सांगण्याची रीत आहे, त्या खेळास केवळ जुगाऱ्यांचा खेळ म्हणून बाजूस सारणें न्यायाचें होईल काय? दोष खोलींत असतो, टेबलांत नसतो. खोली झाडून स्वच्छ करितां येते.

आमच्या शाळेंत स्नूकरचें टेबल नाहीं, आणि तें लवकर येईल असेंहि दिसत नाहीं. पण कॅरमचा फळा आहे. आपल्या बोटाचा धक्का चुकून दुसऱ्या सोंगटीस लागला, आणि समोरच्यानें पाहिलें नाहीं, तर काय करावयाचें, हा प्रश्न त्या फळ्यावरहि रोज उभा राहतो. पुढच्या पावसाळ्यांत फळ्याभोंवतीं जमणाऱ्या आमच्या बालमित्रांनीं जबलपूरच्या त्या रागावलेल्या सोबत्याची आणि त्यास मिळालेल्या उत्तराची आठवण ठेवावी. सोपा नेम चुकला म्हणून कोणास हिणवूं नये. कारण ह्या जगाच्या खेळांत आपण सारेच नवशिके आहों.